स्क्रममधून फीचर-ड्रिव्हन डेव्हलपमेंटकडे वळावे का? पतसंस्थेच्या कर्जप्रणालीसाठी सल्ला हवा आहे

अंधेरीकर (प्रश्न):
नमस्कार. अंधेरीतील आमच्या कंपनीत एका पतसंस्थेसाठी कर्जवाटप आणि वसुलीची प्रणाली तयार होत आहे. वीसेक डेव्हलपर आहेत आणि काम स्क्रम या पद्धतीनुसार दोन आठवड्यांच्या ठरावीक कालखंडांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, चालते. दर महिन्याच्या बैठकीत संचालक मंडळ एकच प्रश्न विचारते: 'वसुलीचे काम कुठपर्यंत आले?' आम्ही स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी गुण) आणि बर्नडाउनचा, म्हणजे उरलेल्या कामाचा, आलेख त्यांच्यापुढे ठेवतो, पण त्यात वसुली कुठेच दिसत नाही, त्यामुळे नेमके उत्तर आम्हालाही देता येत नाही. फीचर-ड्रिव्हन डेव्हलपमेंटमध्ये (एफडीडी) प्रगतीचा हिशेब फीचरनिहाय, म्हणजे क्लायंटला उपयोगी अशा एकेका लहान कामानुसार, ठेवतात असे वाचले. चालू प्रकल्पात ही पद्धत आणणे योग्य ठरेल का? शिवाय प्रत्येक क्लासचा (कोडच्या स्वतंत्र घटकाचा) एकच मालक असावा, या तिच्या नियमाची मला धास्ती वाटते, कारण आमचे निम्मे लोक गणपतीला कोकणात जातात.

ऐरोलीकर:
तुमचा प्रकल्प या पद्धतीच्या मूळ घराजवळचाच आहे. जेफ डी लुका यांनी १९९७ मध्ये सिंगापूरमधील एका मोठ्या बँकेच्या कर्जप्रणालीसाठी ही पद्धत आकाराला आणली आणि तिच्यातील मॉडेलिंगचा व फीचरचा विचार पीटर कोड यांच्याकडून आला. एकंदर मॉडेल (व्यवहारातील गोष्टी व त्यांच्या परस्परसंबंधांचा आराखडा) तयार करणे, फीचरची यादी करणे, फीचरनुसार नियोजन, फीचरनुसार डिझाइन आणि फीचरनुसार बांधणी, अशा पाच प्रक्रिया तिच्यात आहेत. पहिल्या तीन मुख्यतः सुरुवातीला होतात, तर शेवटच्या दोन प्रत्येक फीचरसाठी पुन्हा पुन्हा होतात.

माझे स्पष्ट मत असे, की केवळ अहवालासाठी एफडीडी आणू नये. तिचे खरे बळ पहिल्या प्रक्रियेत आहे आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते. पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याला डेव्हलपरांसोबत फळ्यासमोर बसवा आणि एकच गोष्ट विचारा: सभासदाने थकीत हप्त्यापैकी अर्धीच रक्कम भरली, तर ती आधी दंडव्याजात वळती करायची, व्याजात की मुद्दलात? लेखापाल एक उत्तर देईल, शाखा व्यवस्थापक दुसरे देईल, आणि हा मतभेद कोड लिहून झाल्यावर समजण्याऐवजी मॉडेल काढतानाच समोर येईल. कर्जखाते, हप्ता, भरणा आणि जामीनदार यांचे परस्परसंबंध त्या फळ्यावर ठरले, की फीचरची यादी त्यातूनच निघते.

प्रत्येक फीचर क्लायंटला कळेल अशा एका वाक्यात लिहावे आणि त्यात क्रिया, तिचे फळ आणि ती ज्यावर घडते ती वस्तू, हे तिन्ही असावे. 'कर्जखात्याच्या थकीत हप्त्यावरील दंडव्याज काढणे' हे फीचर झाले. 'डेटाबेसचा थर पूर्ण करणे' हे फीचर नव्हे, कारण संचालकांना त्याचा काहीच उपयोग नाही. दोन आठवड्यांत न मावणारे फीचर तोडून लहान करावे.

पवईचा प्रोग्रॅमर:
ऐरोलीकरांशी मी सहमत आहे, परंतु अहवालाला कमी लेखू नये. एफडीडीत प्रत्येक फीचरला सहा टप्पे असतात आणि त्यांचे रूढ वजन असे: विषयाची ओळख १ टक्का, डिझाइन ४०, डिझाइनची तपासणी ३, कोड ४५, कोडची तपासणी १०, आणि मुख्य बिल्डमध्ये (सर्वांचा कोड एकत्र करून बनणाऱ्या प्रणालीत) समावेश १. टप्पा पूर्ण झाला तरच त्याचे गुण मिळतात. त्यामुळे ज्या फीचरचा कोड 'जवळजवळ झाला आहे', ते ४४ टक्क्यांवरच राहते. कोड पुरा झाला की ८९ वर जाते. 'नव्वद टक्के झाले' हे महिनोन्महिने ऐकू येणारे उत्तर या हिशेबात देताच येत नाही, आणि मला ही पद्धत मोलाची वाटते ती यासाठीच. वसुलीची सगळी फीचर एका संचात ठेवली, तर संचालकांच्या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येते. आकडे तुमच्या कामानुसार बदलायचे असल्यास आधीच बदला. अर्ध्यावर बदलले तर मागच्या महिन्याशी तुलनाच उरणार नाही.

ठाणेकर:
क्लासच्या मालकीबद्दल. चीफ प्रोग्रॅमर, म्हणजे छोट्या गटाचे नेतृत्व करणारा अनुभवी डेव्हलपर, काही फीचर हाती घेतो, त्यांत ज्या ज्या क्लासना हात लागणार त्यांच्या मालकांना बोलावतो, आणि तेवढ्या कामापुरती फीचर टीम तयार होते. कर्जखात्याच्या क्लासचा मालक रजेवर असला, तर त्याला हात लावणारी सर्व फीचर अडतात, म्हणून तुमची भीती रास्त आहे. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या पद्धतीत कोड सामायिक असल्याने ही अडवणूक होत नाही, मात्र एका क्लासची नीट जाण असलेला, त्याची जबाबदारी घेणारा माणूस तिथे ठरलेला नसतो. तपासण्या मनापासून होत असतील तर प्रत्येक क्लास मालकाखेरीज आणखी दोघांच्या डोळ्यांखालून गेलेला असतो. त्यांतल्याच एकाकडे रजेच्या काळात मालकी सोपवावी. गणेशोत्सवाच्या तारखा नियोजनाच्या वेळी हाताशी असतातच. माझ्या मते खरी अडचण निराळी आहे: डिझाइनही करू शकतील आणि चार जणांना सोबत घेऊनही जाऊ शकतील असे तीन-चार चीफ प्रोग्रॅमर तुमच्याकडे आहेत का? ते नसतील तर स्क्रमच चालू ठेवा आणि फक्त फीचरची यादी व टप्प्यांचा हिशेब उचला.

अंधेरीकर:
सर्वांचे आभार. तसे तिघे जण आहेत. सुरुवात फक्त वसुलीपासून केली तर चालेल का, की संपूर्ण प्रणालीचे मॉडेल आधी काढावे लागेल?

ऐरोलीकर:
मॉडेल संपूर्ण कर्जव्यवहाराचे काढा, पण ढोबळ. तपशील पुढे प्रत्येक फीचरच्या डिझाइनमध्ये भरत जातो. तपशीलवार यादी मात्र आधी वसुलीचीच करा आणि चालू स्प्रिंटमधील काम न मोडता पुढच्या रिलीजपासून ती लागू करा. वसुली अधिकाऱ्याचा वेळ पतसंस्थेकडून आधीच लेखी मागून घ्या, कारण मार्चअखेर जवळ आली की तो माणूस तुम्हाला मिळणार नाही.