मदत हवी आहे : भुईमुगाला जमिनीतच कोंब

नमस्कार मंडळी. उन्हाळी भुईमूग, वाण टीएजी-२४ (उपट्या). काढणीच्या तोंडावर वळवाचा पाऊस लागून राहिला आणि वाफसा येईपर्यंत बऱ्याच शेंगांतल्या दाण्यांना जमिनीतच कोंब फुटले.

उपट्या (झुडपासारख्या उभ्या वाढणाऱ्या) वाणांत ताज्या दाण्याला सुप्तावस्था, म्हणजे पक्व झाल्यावरही काही काळ न उगवण्याची अवस्था, जवळपास नसते आणि पसऱ्यांत (जमिनीवर पसरणाऱ्यांत) ती असते, एवढं माहीत आहे. दाणा पक्व होताना ॲब्सिसिक आम्ल हे वनस्पतीतलं संप्रेरक कोंब रोखून धरतं. मक्यात व्हीपी-१ हे जनुक बिघडलं, तर त्या आम्लाचा इशारा दाण्यापर्यंत पोचत नाही आणि कणसावरच दाणे उगवतात. भुईमुगात शिवाय इथिलीनही आहेच, ते उलट कोंब फुटायला मदत करतं. सुप्त बियाणं जागं करायला इथिलीन सोडणारं इथ्रेल वापरतात ते त्यामुळेच.

मला अडलंय ते पुढे. उपट्यात नेमकं काय कमी पडतं: ॲब्सिसिक आम्लच कमी बनतं, की दाणा त्याला दाद देत नाही? आणि काढणीआधी मॅलेइक हायड्राझाइड (वाढ रोखणारं रसायन) फवारून कोंब थांबतात म्हणतात, ते कोणी बियाण्याच्या प्लॉटवर केलंय का? फवारणी कितव्या दिवशी घेतली, पुढच्या पेरणीत उगवण कशी आली? दुकानदाराचा सल्ला नको, तो ऐकून झालाय. दोन-तीन आठवड्यांची सुप्तावस्था असलेला उपट्या वाण कोणी लावत असेल तर नाव सांगा.