मदत हवी आहे: आठवीच्या मुलाला मिठाचा सत्याग्रह कसा शिकवू?

खडू_डस्टर:
आठवीला इतिहास शिकवते. वर्गात विशेष गरजा असलेला एक मुलगा आहे. सविनय कायदेभंगापाशी गाडी अडलीय आणि पुढच्या आठवड्यात घटक चाचणी. चित्रं दाखवून झाली, व्हिडिओ झाले, सोपं करून सांगून झालं. काहीतरी नेमकं सुचवा. "संयम ठेवा" सोडून.

सांजवेळ:
विशेष गरजा म्हणजे नेमक्या कुठल्या? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऐकू येत नाही, वाचता येत नाही, की समजायला वेळ लागतो? प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

जुना_मास्तर:
प्रकार कुठलाही असो, नाटक बसवा! एकाला गांधीजी करा, बाकीचे पदयात्री, मैदानाला फेऱ्या. साबरमती ते दांडी ३८५ किलोमीटर, पाय दुखले की आपोआप लक्षात राहतं. आयुष्यभर हेच केलं.

हातवारे:
कर्णबधिर असेल तर खुणांची भाषा येणारं माणूस आधी शोधा. पाठ्यपुस्तकं भारतीय सांकेतिक भाषेत आणायचा एनसीईआरटीचा करार २०२० मध्येच झालाय, पण तुमचं पुस्तक बालभारतीचं असणार.

खडू_डस्टर:
कर्णबधिर नाही हो. स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम. वाचतो छान, तारखा माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ.

दोघांची_आई:
माझा धाकटाही तसाच. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता हे झोपेतही सांगेल, पण शिवाजी महाराज आधी की गांधीजी, विचारलं की गप्प. आम्ही भिंतीला दोरी बांधली, एका वर्षाला एक सेंटिमीटर. त्याचा जन्म, माझा, आजीचा, मग १९४७, १९३०, १८५७. १६७४ चा राज्याभिषेक साडेतीन मीटरवर, थेट दाराबाहेर गेला! तेव्हा कुठे "लांब" म्हणजे किती लांब ते त्याला कळलं. दोरीच करा.

नियमावली:
दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते.

खडू_डस्टर:
लेखनिकाचं कुणी विचारलंय? आणि दोरी नको, क्रम त्याला येतो. कायदेभंग म्हटलं की तो उभा राहून "नियम मोडला, नियम मोडला" ओरडतो आणि पुस्तक मिटतो. आमच्या वर्गात नियम मोडणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहितात. काल म्हणाला, गांधीजींचं नाव लिहा. सगळा वर्ग हसला, तो रडला.

सांजवेळ:
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! मुलाला धडा अगदी बरोबर कळलाय. नियम मोडणारा माणूस चांगला कसा, हा त्याचा प्रश्न आहे आणि तो चुकीचा नाही.

जुना_मास्तर:
मग तेवढा धडा गाळा. टिळक घ्या, मुलांना आवडतात.

सांजवेळ:
मास्तर, टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली ती राजद्रोहाच्या कलमाखालीच. तिथेही कायदाच आडवा येणार. गाळत गेलात तर उरणार काय?

आडवाट:
मुळात मिठाने स्वातंत्र्य मिळालं का? १९४६ चं नाविकांचं बंड कुणी नीट शिकवत नाही, त्यावर बोला.

दोघांची_आई:
त्यासाठी वेगळा धागा काढा ना.

सांजवेळ:
मी शाळांमधून फिरती विशेष शिक्षिका आहे. अशा मुलांसाठी चार कार्डं करते, त्याच्या आवडीच्या तारखांची. २ मार्च १९३०: गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनला पत्र लिहून आधीच कळवलं. १२ मार्च: चालत निघाले. ६ एप्रिल: मीठ उचललं. ५ मे: अटक, मग येरवड्याचा तुरुंग. प्रत्येक कार्डामागे तेच तीन प्रश्न: लपवलं का? कुणाला मारलं का? शिक्षा टाळली का? उत्तर दर वेळी "नाही". आणि त्यांचं नाव फळ्यावर खरंच लिहा. सरकारने तेच केलं होतं आणि त्यांनी ते लिहू दिलं. मग विचारा, वर्गाचे नियम मुलांना विचारून केलेत ना? १८८२ चा मिठाचा कायदा करताना लोकांना कुणी विचारलं होतं?

दोघांची_आई:
आणि उद्या तो डबा गणिताच्या तासाला उघडून म्हणाला, "मी आधी सांगितलं होतं", तर?

सांजवेळ:
म्हणेलच. म्हणून पाचवं कार्ड: नियम पटला नाही तर आधी बाईंना चिठ्ठी. तिचं उत्तर मात्र त्याला मिळालंच पाहिजे. आयर्विनने पत्रातली मागणी मान्य केली असती तर यात्रा निघालीच नसती, हेही सांगा.

खडू_डस्टर:
वर्गाचे नियम मीच केलेत, कुणाला विचारलं नव्हतं. आता तेही मुलांपुढे घ्यावं लागणार. असो, कार्डं आज रात्री करते. पण पुढे २१ मे, धरासणाच्या मिठागरावरचा सत्याग्रह आहे. लाठीमाराची चित्रफीत दाखवू का?

सांजवेळ:
नको. काय घडलं ते दोन वाक्यांत आधी लिहून द्या, मग वाचा. मोठे आवाज सहन होतात का त्याला?

खडू_डस्टर:
छे, बाक सरकला तरी कान झाकतो.

दोघांची_आई:
आणि हे आत्ता सांगताय!

जुना_मास्तर:
नाटकात लाठ्या कागदाच्या करता येतात. आवाजच होत नाही.