मदत हवी: पऱ्हाटी, चूल आणि आठ वर्षं बंद असलेला गोबरगॅस

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात आमची सात एकर कोरडवाहू शेती आहे. चार एकर कपाशी, मधात तूर. सासूबाईंना गेल्या हिवाळ्यापासून दम लागतो. त्यांनी उभ्या जन्मात विडीला हात लावला नाही, आणि निदान निघालं सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट आजार. डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते चुलीचं.

उज्ज्वलाचं सिलिंडर आहे, चहा-भाजी त्यावर होते. भाकरी आणि आंघोळीचं पाणी मात्र चुलीवरच. सासूबाई म्हणतात भाकर इस्त्यावरच फुगते. आणि खरं सांगायचं तर सिलिंडरला पैसे पडतात, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, घरची आहेत. माझी तीन वर्षांची पोरगी त्याच धुरात खेळते, ते मला आता पाहवत नाही.

दुसरा धूर शेतातला. वेचणी संपली की चिमट्याने पऱ्हाटी उपटतो, जळणापुरती घरी आणतो, बाकीची धुऱ्यावर पेटवतो. रचून ठेवली तर न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात आमच्याच कपाशीवर येते. हौसेने कोणी जाळत नाही.

मी वाचलं की धुरातली काजळी हवेत काही दिवस, फार तर दोनेक आठवडे टिकते. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षं राहतो. म्हणजे काजळी थांबवली तर छातीला आणि हवामानालाही लवकर आराम. म्हणून कोठ्यामागचा सासऱ्यांनी बांधलेला दोन घनमीटरचा, घुमटाचा गोबरगॅस सुरू करायचं मनात आहे. पण त्यात मुख्य वायू मिथेन. तो हवेत बारा वर्षांच्या आसपास राहतो, आणि 20 वर्षांच्या हिशोबात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटीहून जास्त तापवतो. घुमटाला चीर असेल तर मी एक थांबवून दुसरं वाढवणार का? गळती घरच्या घरी कशी ओळखायची? दोन बैल, एक गाय, एक कालवड एवढ्यावर शेण पुरेल का? आणि पऱ्हाटी न जाळता अळीचं काय करायचं?

प्रतिसाद १
ताई, दोन घनमीटरला रोज 50 किलोच्या आसपास ताजं शेण लागतं. मोठं जनावर साधारण 10 किलो देतं, तेही दिवसभर कोठ्यात बांधलेलं असेल तर. तुमचं तीसेक किलो जमेल. त्यात भाकरी-वरण निघेल, आंघोळीचं पाणी नाही. शेण आणि पाणी सारखंच घाला. थंडीत गॅस कमी येतो, घाबरू नका.

गळतीसाठी नळीच्या जोडांवर आणि घुमटाच्या उघड्या भागावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तिथे गळती. काडी पेटवून कधीच पाहू नका. हातजोडून सांगतो, साफ करायला आत कोणालाही उतरू देऊ नका. जुन्या टाकीतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत पडतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

मिथेनची काळजी रास्त आहे. पण तो शेगडीत जळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, ताप पुष्कळ कमी. चीर बुजवल्याशिवाय मात्र शेण भरू नका.

प्रतिसाद २
मी वर्ध्याकडचा. आमच्या गटाने ट्रॅक्टरचा श्रेडर, म्हणजे पऱ्हाटीचे तुकडे करणारं यंत्र, भाड्याने आणला. पहिल्या वर्षी तुकडे लांब राहिले, पेरणीनंतर कोळपणीच्या डवऱ्यात अडकून जीव नकोसा झाला. पुढच्या वर्षी बारीक केले, शेणकाला टाकून खड्ड्यात कुजवले. ढीग चांगला तापू द्या, किडकी बोंडं आधी वेचून नष्ट करा. नागपूरला सिरकॉटच्या (कापसावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था) केंद्रात पऱ्हाटी दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांवर काम झालं आहे, गटाने मिळून विचारा. एकट्याला परवडत नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. गोबरगॅस बांधणारा गवंडी पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला, तोवर टाकीजवळ कोणाला जाऊ देत नाही. श्रेडरचं गटात काढते. सासूबाई तयार आहेत, पण विचारतात की गोबरगॅसच्या आचेवर ज्वारीची भाकर फुगते का. कोणी रोज करत असेल तर सांगा, त्यांना वाचून दाखवायचं आहे.