घरसभा की चर्च? सीमाभागातल्या मंडळींनी मत सांगा

शहापूरकर (बेळगाव):
जय ख्रिस्त सगळ्यांना. विषय नाजूक आहे पण बोलायलाच पाहिजे. आमच्या मराठी उपासनेला येणारी तरुण कुटुंबं एकेक करून कमी होतायत, कोण अनगोळला कुणाच्या घरी जमतंय, कोण वडगावात. घरी प्रार्थना करू नये असं माझं म्हणणं नाही, कॉटेज प्रेयर आपल्यात आधीपासून आहेच की. पण घरालाच पूर्ण मंडळी म्हणजे चर्च म्हणायचं, बाप्तिस्मा तिथंच, प्रभुभोज म्हणजे भाकर मोडून घ्यायचा विधी तिथंच, दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग द्यायचा तोही तिथंच, आणि रजिस्टर नाही, कमिटी नाही, हिशोब नाही, हे मला पटत नाही. लंडन मिशनची, म्हणजे इंग्लंडच्या मिशनरी संस्थेची माणसं 1820 ला बेळगावात आली, तेव्हापासून कितीतरी पिढ्यांनी हे उभं केलंय. पाळक चुकले तर कमिटीत उभं राहून विचारता येतं, वर बिशपांकडं अर्ज करता येतो. घरसभेत पास्टर, खजिनदार आणि घरमालक एकच माणूस असेल तर विचारायचं कुणाला?

निपाणीची ताई:
दादा, विचारणाऱ्या आम्ही आहोत की. आमच्या गल्लीतल्या बायका दिवसभर विड्या वळतात, रात्री नऊला मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं की तिथंच चटई पडते, खंजिरी निघते आणि प्रार्थना सुरू होते. हाताला तंबाखूचा वास असतोच, त्याच हातानं भाकर मोडतो. यातल्या कितीतरी जणी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून यायच्या, वर्षानुवर्षं कुणी नाव विचारलं नाही. इथं त्या साक्ष देतात, वचन वाचतात, आजारी बाईला मिरजेला दवाखान्यात न्यायचं तर रात्रीत पैसे गोळा करतात. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या 16 व्या अध्यायात प्रेषित पौल प्रिस्का आणि अक्विलाच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो, फिलेमोनाच्याही घरी मंडळी होतीच. मोठमोठ्या इमारती आल्या त्या 313 ला रोमन राज्यात मोकळीक मिळाल्यावर. त्याआधीची मंडळी काय अर्धवट होती?

शहापूरकर (बेळगाव):
ताई, तुमच्या गल्लीतलं काम चांगलंच आहे. पण ती घरं सुटी नव्हती ओ, पौल पत्रं लिहून कान पिळत होता. आपला सोबती तीत याला क्रेत बेटावर ठेवलं ते गावोगाव वडील नेमायलाच. आणि करिंथात एकत्र जमून काय झालं ते पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायात आहे, एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र. घरात जमलं की आपोआप प्रेम येतं असं नाही. आणि पोरांच्या लग्नाचं काय? 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात लग्न लावणाऱ्याकडं चर्चची दीक्षा नाहीतर सरकारी लायसन्स लागतं. नसेल तर स्पेशल मॅरेज ॲक्टखाली 30 दिवसांची नोटीस लावून थांबायचं. पासपोर्टच्या वेळी सर्टिफिकेट मागितलं की हीच पोरं आमच्या ऑफिसच्या दारात येतात.

खानापूरकर:
मी ताईंच्या बाजूनं. टिळकांनी, कवी नारायण वामन टिळकांनी हो, 1917 ला देवाचा दरबार नावाचा भक्तांचा मेळा काढला तो मिशनच्या चौकटीबाहेरच, बाप्तिस्मा झालेले न झालेले दोघांना धरून. त्यांचीच गाणी आज चर्चमध्ये उभं राहून म्हणतोय ना आपण. आणि भाषेचं पण बघा, आमच्याकडं जवळच्या चर्चची उपासना कन्नडमध्ये, माझ्या आईला निम्मं कळत नाही, घरसभेत ती मराठीत रडते, मराठीत प्रार्थना करते, तिला परत कुठं पाठवू?

कॅम्पवाला:
डिसेंबर 2021 ला इथंच बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधानसभेत धर्मांतरबंदीचं बिल पास झालं तेव्हाचे दिवस आठवा. घरात दहा माणसं जमली तरी शेजारी खिडकीतून बघायचे. चर्चकडं जागेचे कागद होते, ट्रस्ट होता, वकील होता. घरसभेच्या पास्टरला पोलिसांनी बोलावलं तर बरोबर जाणारं कोण?

चिकोडीकर:
कागदांचं सांगू नका. आमच्या ओळखीतले एक आजोबा वारले, जन्मभराचे ख्रिस्ती, शेवटी शेवटी घरसभेला जायचे. चर्चच्या कमिटीनं सांगितलं वर्गणी भरलेली नाही, नाव कमी केलंय, दफनभूमीत जागा मिळणार नाही. रात्रभर मयत घरात. पोरगा फोन करून करून थकला, सकाळी शेताच्या बांधाला खड्डा काढला. त्या घरातला एकही माणूस आता चर्चची पायरी चढणार नाही आणि मी त्यांना चढा म्हणणार पण नाही.

शहापूरकर (बेळगाव):
हे वाचून वाईट वाटलं. वर्गणीवरून माती अडवणं हे पापच आहे, त्याला दुसरा शब्द नाही. आमच्या वार्षिक सभेत मी लेखी ठराव मांडणार, बाप्तिस्मा झालेल्या कुणाचंही दफन वर्गणीसाठी अडवायचं नाही. पण बाप्तिस्मा कधी झाला, कुणी दिला याची नोंद तरी पाहिजे ना ओ, नाहीतर उद्या कमिटीतला दुसरा कोणीतरी तेच कारण पुढं करेल. घरसभांनी वही ठेवावी, अर्पणाचा हिशोब महिन्याला सगळ्यांसमोर वाचावा, आणि कुठल्यातरी पाळकाशी जोडून राहावं. एवढं केलं तर माझा विरोध नाही.

निपाणीची ताई:
वही आहे आमच्याकडं, हिशोब पण वाचतो, आमच्यातलीच एक विडी कामगार बाई लिहिते. जोडून राहायला आम्ही तयार आहोत, पण पाळकांनी इकडं यावं, चटईवर बसावं, आम्हाला ऑफिसच्या दारात उभं करू नये. आणि प्रभुभोज आम्ही बंद करणार नाही. तुमचा ठराव पास झाला की इथं टाका, आमच्याकडं दोन म्हाताऱ्या आजारी आहेत.