डिसेंबरची सायकल सहल: नागपूरहून कुठे?

प्रेषक: सहलीचं काम बघणारी (धंतोली, सध्या युट्रेख्त, हॉलंड)

मंडळी,

नाताळच्या सुट्टीत नागपुरात असणाऱ्या अकरा जणांनी सायकल सहलीसाठी नावं दिली आहेत. सर्वात धाकटा सोळा वर्षांचा, सर्वात मोठे अठ्ठावन्नचे. चालवायचे दिवस फार तर पाच. सुचवलेली ठिकाणं चार: पचमढी, चिखलदरा, रामटेक-पेंच आणि सेवाग्राम. एकाने समृद्धी महामार्गही लिहिला आहे, तो इथेच बाद. तिथे मोटरसायकललाही मज्जाव आहे, सायकल तर दूरच.

मत देताना नुसतं "मस्त आहे, जाऊ या" नको. रोजचे किलोमीटर, चढ, मुक्काम आणि परत कसं यायचं, हे लिहा.

---

प्रेषक: प्रतापनगर, सध्या आइंडहोवन

ताई,

माझं मत पचमढी. नागपूर-सावनेर-सौंसर-छिंदवाडा साधारण १३० किमी, पुढे परासिया-तामिया-मटकुली करत पचमढी तेवढंच. एकूण २६० च्या आसपास. चार दिवसांत बसतं.

पण उंचीचा हिशोब आधी समजून घ्या. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, म्हणजे हॉलंडच्या मुख्य भूमीवरचा सर्वात उंच ठिपका वाल्सरबर्ग (३२२ मी.) जिथे संपतो, तिथे आपली सुरुवात. सौंसर-रामाकोना सोडलं की सिल्लेवानी घाट लागतो आणि छिंदवाड्याला आपण पावणेसातशेच्या घरात पोचतो. तामिया त्याहून बरंच वर. मग देनवा नदीच्या खोऱ्यात उतरायचं, म्हणजे घाम गाळून कमावलेली उंची फुकटात घालवायची, आणि मटकुलीहून पुन्हा चढून १,०६७ मीटरवर पचमढी. लोक फसतात ते इथे. नकाशावर तामिया ते पचमढी हातभर दिसतं, चढ मात्र दोनदा भरावा लागतो.

लिंबुर्गमध्ये सराव केलेल्यांसाठी माप देतो. तिथली काउबर्ग टेकडी सव्वा किलोमीटरची, चढ सत्तरेक मीटर. मटकुली ते पचमढी हे असे आठ-दहा काउबर्ग एकापुढे एक, मध्ये कॉफीला दुकान नाही.

म्हणून गिअर. पुढच्या दातेचक्राला ३४ आणि मागच्या सर्वात मोठ्याला २८ दाते, अशी सायकल असेल तर मिनिटाला साठ पायडल मारूनसुद्धा वेग ताशी साडेनऊच्या खाली येत नाही. सात टक्के चढावर सायकल-सामानासह नव्वद किलो वजन त्या वेगाने ओढायला साधारण १७५ वॅट लागतात. तासभर हे झेपणारे आपल्यात दोन-तीनच निघतील. पुढे ३२ आणि मागे ३४ लावली तर तेच साठ फेरे सव्वासात किमीच्या वेगाने पडतात आणि काम १३५-१४० वॅटमध्ये होतं. मागची कॅसेट (दातेचक्रांचा संच) बदलायचा खर्च सहलीच्या मानाने किरकोळ आहे. मात्र ३४ दाते लावताना डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचा आहे ना, बघून घ्या. आखूड पिंजरा तेवढी सैल चेन ओढून धरू शकत नाही, आणि चेन कमी करून भागवलं तर चुकून पुढचं आणि मागचं दोन्ही सर्वात मोठं चक्र पडलं की डिरेलरच मोडतो.

---

प्रेषक: महाल, सध्या रॉटरडॅम

दादा, आकडे पटले. निष्कर्ष नाही.

अकरापैकी आठ जण सपाट रस्त्यावर, सायकलच्या वेगळ्या लेनमध्ये चालवणारे आहेत. "मी रविवारी नव्वद किमी करतो" हे तिकडचे नव्वद. इकडे शेवटच्या आठवड्यात सूर्य पावणेसातला उगवतो आणि साडेपाच-पावणेसहाला मावळतो. दिवस जेमतेम अकरा तासांचा. त्यातून नाश्ता, जेवण, दोन पंक्चर आणि चहाचे थांबे वजा करा. अंधारात हायवेवर राहायचं नाही हा नियम पाळायचा तर चढाच्या दिवशी साठ-सत्तरच्या वर जाऊ नका, सपाटीला नव्वद ठीक.

चिखलदऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ठिकाण नाकारण्यासारखं नाही. गाविलगड आहे, मेळघाटचं जंगल आहे, परतवाड्याहून धामणगाव गढी-मोथामार्गे चढ उत्तम. पण नागपूर ते अमरावती दीडशे किलोमीटर चौपदरी हायवे, आणि दुपारी पश्चिमेचं ऊन थेट तोंडावर. दोन दिवस ट्रकच्या शेजारून जायचं आणि खऱ्या मजेचा रस्ता अर्धा दिवस. चिखलदरा करायचंच असेल तर सायकली पिकअपमध्ये टाकून परतवाड्यापर्यंत न्या आणि तिथून सुरू करा. पाच दिवसांसाठी ते थोडं होतं, दोन-तीन दिवसांसाठी झकास.

माझी सूचना: एक दिवस नागपूर-रामटेक, दुसऱ्या दिवशी पेंचजवळ सिल्लारी, मग परत, आणि जोडीला पवनार-सेवाग्राम. रामटेक पन्नास किमी. कामठी-कन्हानपर्यंत गर्दी, मनसरला मँगनीजच्या खाणीचे ट्रक, तिथून उजवीकडे वळलं की शांत. गडाचा चढ आखूड आहे, तोच तुमची परीक्षा. संध्याकाळी खिंडसी तलाव. सिल्लारीला जाताना हायवे सोडला की जंगल सुरू. वाघाच्या गाभा क्षेत्रात सायकल नेता येत नाही, सफारी जिप्सीतूनच. महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेलं उद्यान) म्हणून मान्यता मिळाली आहे. सोळा वर्षांच्या पोराला घाटापेक्षा ते आकाश जास्त आवडेल.

सेवाग्रामचा रस्ता पंचाहत्तर किमी, चढ जवळपास नाही. बुटीबोरीपर्यंतचे तीस किमी कंटाळवाणे, कारखान्यांची वाहतूक, म्हणून शहरातून सहाच्या सुमारास दिवे लावून निघा. पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम, पुढे वर्ध्यात गोरसपाक (तिथली तुपातली बिस्किटं) घ्या. सायकलवर खायला त्याच्याइतका सोयीचा पदार्थ नाही: उन्हात वितळत नाही, खिशात थोडा चुरा झाला तरी चालतो. सेवाग्राम आश्रमाच्या परिसरात राहायचं तर जेवण साधं आणि झोप लवकर, हे सर्वांना आधीच सांगा.

आणि एक. डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन नागपुरात असतं. ते चालू असेल तर शहरात हॉटेलं मिळत नाहीत आणि मोर्च्यांमुळे सिव्हिल लाइन्स-बर्डीकडचे रस्ते कधीही बंद होतात. निघायचा दिवस अधिवेशनाचा शेवट बघून ठरवा.

---

प्रेषक: सायकल दुरुस्ती करणारा (गोकुळपेठ, सध्या डेल्फ्ट)

कुठेही जा, सायकल धड पोचली पाहिजे.

ई-बाइकवाल्या दोघांनी आत्ताच विचार सोडा. विमानात १६० वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी नेता येत नाही, तुमच्या बॅटऱ्या चारशे-पाचशेच्या आहेत. सामानात टाकून बघू, असं करू नका.

बाकीच्यांसाठी खोका. सायकलच्या दुकानातला पुठ्ठ्याचा जुना खोका चालतो, पण लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटीमीटरच्या फार वर जाते, त्यामुळे तो खेळाचं सामान म्हणून आधी नोंदवावा लागतो. वजन ३२ किलोच्या आत, एवढ्या वजनाच्या वर एक नग घेतच नाहीत. दोहामार्गे नागपूरपर्यंत एकच तिकीट असेल तर बरं. मुंबईहून वेगळं तिकीट काढलंत तर देशांतर्गत विमानात बॅग बहुधा पंधरा किलोचीच, आणि सायकलचे पैसे पुन्हा.

पायडल काढताना डावं पायडल उलट आट्याचं असतं, हे विसरून जोर लावला की क्रँकचे (पायडलच्या दांडीचे) आटे जातात. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा घाला. खोक्यात लीव्हर दाबला गेला की पॅड चिकटून बसतात आणि नागपुरात चाकच आत जात नाही. पुढच्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा आधार द्या. सर्वात महत्त्वाचं, मागचा डिरेलर हँगरवरून (तो फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीवरून) सोडवून, कापडात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. खोका उजव्या बाजूवर पडला की हँगर दोन-तीन मिलिमीटर वाकतो. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. पहिल्या घाटात सर्वात हलका गिअर टाकला की डिरेलर स्पोकमध्ये घुसतो, आणि मग चाक, डिरेलर, सहल तिन्ही गेलं. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा, म्हणून एक जादाचा तिकडूनच न्या.

आता टायर. २८ मिलिमीटरचे नकोत, किमान ३५. बाभळीचा काटा आणि सराटा, दोन्ही रस्त्याच्या कडेला तयार असतात, आणि ट्रक आला की आपण कडेलाच जातो. ट्यूबलेस असेल तर चाकात ६० ते ९० मिली सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) निघण्याआधी नवं भरा. मागच्या उन्हाळ्यातलं आता सुकून रबराची पापडी झालेलं असतं. ट्यूबवाल्यांनी पंक्चर काढताना टायर आतून तपासल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये. काट्याचं टोक तुटून टायरात राहतं आणि शंभर मीटरवर पुन्हा हवा जाते. बोट फिरवलं तर बोटाला टोचतं, त्यापेक्षा कापसाचा बोळा फिरवा, जिथे तंतू अडकतात तिथे काटा. डिसेंबरात आपल्याकडे कापूस रस्त्यावर उडत असतो, विकत घ्यायची गरज नाही.

व्हॉल्व्हची गंमत अशी. हॉलंडच्या जुन्या ओमाफिट्सला (म्हणजे 'आजीच्या सायकलला') जो व्हॉल्व्ह असतो, तोच आपल्या गावाकडच्या साध्या सायकलला. म्हणजे आजीच्या सायकलला सावनेरचा पंप बसतो आणि तुमच्या कार्बनवालीला नाही. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर दोन ठेवा (एक हरवतोच), म्हणजे मोटरसायकलची हवा भरणाऱ्याकडे काम होतं. टायरचंही तसंच. गावात मिळणारा २८ × १½ चा टायर ६३५ मिलिमीटर रिमचा, आपल्या रिम ६२२ च्या, त्यामुळे बसत नाही. ट्यूब ओढूनताणून आत जाईल, पण तिचा व्हॉल्व्ह आठ मिलिमीटरचा आणि प्रेस्टासाठी पाडलेलं रिमचं भोक साडेसहाचं. म्हणून माणशी तीन ट्यूब, गटात दोन टायर.

---

प्रेषक: सहलीचं काम बघणारी

दोन्ही बाजू वाचल्या. प्रश्न: पचमढीला चढून गेलो तर परत कसे येणार? पिपरियाहून रेल्वेने इटारसी, तिथून नागपूर, असं एकाने सुचवलं आहे.

---

प्रेषक: प्रतापनगर, सध्या आइंडहोवन

रेल्वे नको. सायकल पार्सल ऑफिसात बुक करावी लागते आणि गाडी बदलायची म्हणजे अकरा सायकली आपल्याच गाडीत चढतील याची खात्री नाही. आपण नागपुरात, सायकली इटारसीच्या फलाटावर.

पण तुमच्या प्रश्नामुळे सरळ उत्तर सुचलं. उलटं करू या. माणसं जीपने आणि सायकली पिकअपने पचमढीला न्यायच्या आणि तिथून नागपूरपर्यंत चालवत यायचं. १,०६७ वरून ३१० वर. परतीचा प्रश्नच राहत नाही, सिल्लेवानी घाट उतार होतो, आणि डिसेंबरातला हलका उत्तर-ईशान्येचा वारा पाठीशी. खरा चढ एकच उरतो, मटकुलीहून तामियाला.

---

प्रेषक: महाल, सध्या रॉटरडॅम

आता कसं! हे मान्य. माझ्या अटी तीन.

एक, चोवीस डिसेंबर ते एक जानेवारी पचमढीत पाय ठेवायला जागा नसते आणि घाटात नवशिक्या ड्रायव्हरांच्या गाड्या. चोवीसच्या आत उतरून या, नाहीतर दोन जानेवारीनंतर चढा.

दोन, खोक्यातून काढलेल्या सायकलवर पहिलाच प्रवास अठ्ठावीस-तीस किमीचा उतार नको. नागपुरात आधी एक सकाळ काटोल रोडने कळमेश्वरपर्यंत जाऊन या, चाळीसेक किमी होतात. डिस्कचे पॅड नवे असतील तर वेग घेऊन वीसेक वेळा जोरात ब्रेक दाबून बसवून घ्या. रिम ब्रेकवाल्यांनी उतारावर सतत दाबून धरू नये, रिम तापून ट्यूब फुटते. आळीपाळीने दाबा, सोडा.

तीन, शेवटच्या दिवशी सावनेरहून सरळ हायवेने शहरात शिरू नका. खापरखेडा-कोराडी वीज केंद्रांच्या पट्ट्यात राखेचे ट्रक असतात, सगळं तोंडात जातं. सावनेर-धापेवाडा-कळमेश्वर करा. काही किमी वाढतील, पण विदर्भाच्या पंढरपुरात, म्हणजे धापेवाड्यात, चंद्रभागेकाठी टेकता येईल आणि अदासा गणपतीही जवळच.

---

प्रेषक: सहलीचं काम बघणारी

मग असं धरते. पहिला दिवस पचमढी-मटकुली-तामिया, सर्वात अवघड, पंच्याहत्तर-ऐंशी किमी. सकाळी उताराला हातमोजे आणि जाकीट, रात्री तिथे एक आकडी तापमान असतं. पिकअप तामियापर्यंत मागे राहील, थकलेल्याने लाज न बाळगता चढावं. दुसरा दिवस छिंदवाडा, पंचावन्नच, उरलेल्या वेळात सायकली तपासायच्या. तिसरा सौंसर, साठेक किमी. राहण्याची सोय साधी, पण लोक मराठी बोलतात आणि जामसावळीचा हनुमान जवळ आहे. चौथा दिवस धापेवाड्यावरून नागपूर. पाचवा दिवस राखीव.

सकाळी तर्री-पोहे चौथ्या दिवसाआधी नकोत. तेलकट रस्सा आणि चढ यांचं जमत नाही. पाण्यात माणशी दिवसाला दोन ओआरएसच्या पुड्या. पुडी संपली तर एक लिटर पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ.

प्रत्येकाने तीन आकडे पाठवा: पुढचं सर्वात लहान दातेचक्र, मागचं सर्वात मोठं, टायरची रुंदी. मागे ३२ पेक्षा कमी असेल त्यांची यादी डेल्फ्टला जाईल, कॅसेट तिथूनच एकत्र मागवू. पिकअपमध्ये सायकली उलटसुलट उभ्या लावून मध्ये घालायला जुन्या चादरी लागतील, त्या महालातून येणार आहेत.