खाणीतील सुरुंगाचा दाब आणि डोंगराची सोंड

प्रश्न (राजापूर तालुका)
आमच्या वाडीसमोर काळ्या दगडाची खाण आहे. दुपारी सुरुंग उडाला की पडवीच्या खिडकीची काच थरथरते आणि वळचणीची कौले रिपांवरून बोटभर खाली सरकतात. खाणीला आमच्याहून जवळ, पण डोंगराच्या सोंडेआड असलेल्या चुलत्यांच्या घरी मात्र भांडेसुद्धा वाजत नाही. हा फरक संगणकावर दाखवता येतो असे अभियांत्रिकी शिकणारा मुलगा म्हणतो. ते कसे, आणि त्यावर किती विसंबावे?

उत्तर १
स्फोटामुळे हवेत उठणाऱ्या लाटेचा दाब काढण्याची सोपी सूत्रे मोकळे, सपाट मैदान गृहीत धरतात. स्फोटक आठपट झाले तर तोच दाब दुप्पट अंतरावर मिळतो, एवढेच ती सांगतात. डोंगराला, गडग्याला त्यांत जागाच नाही. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावर गणिताने घडवलेल्या आभासी स्फोटात, हवेचे बारीक ठोकळे कल्पून प्रत्येकातील दाब, घनता आणि वेग क्षणाक्षणाला काढत जातात, त्यामुळे लाट कुठे आदळली आणि कुठे वळसा घालून गेली हे उमगते. भिंतीवर समोरून आदळलेल्या लाटेचा दाब किमान दुप्पट होतो. आडोशामागे ती पोहोचते, पण क्षीण होऊन. बैरूत बंदरातील ४ ऑगस्ट २०२० च्या स्फोटात धान्याच्या अजस्र काँक्रीट कोठारांनी पश्चिमेकडच्या वस्तीला असाच काहीसा आडोसा दिला.

उत्तर २
वरील विवेचन योग्य आहे, परंतु प्रत्येक अडथळा तारकच असतो असे कृपया समजू नये. इंग्लंडमधील बन्सफील्ड इंधनसाठ्यात ११ डिसेंबर २००५ रोजी पेट्रोलच्या वाफेचा ढग पेटला, तेव्हा रस्त्याकडेच्या दाट झाडीतून जाताना ज्वाळेचा वेग वाढला आणि स्फोट भयंकर झाला, असे तपासात दिसले. सुरुंगाची गोष्ट वेगळी, कारण त्याची ऊर्जा ज्वाळेच्या वेगावर अवलंबून नसते. तरीही कशाचा स्फोट, हे आधी ठरवल्याशिवाय परिसराचा परिणाम सांगता येत नाही.

विसंबण्याविषयी: ठोकळे मोठे घेतले तर दाबाचे शिखर बोथट होते, आणि ठोकळ्याची बाजू निम्मी केली तर गणिताचे काम सुमारे सोळापट वाढते. शिवाय थंडीत सकाळी वरचा थर उबदार असला की लाट जमिनीकडे वाकते आणि लांबच्या खिडक्याही वाजतात, म्हणून सुरुंगाची वेळ व हवा यांची नोंद हवीच.

त्याआधी हादरा जमिनीतून येतो की हवेतून, हे पाहावे. खडकातून तो जवळजवळ लगेच येतो, हवेतून मात्र अर्ध्या किलोमीटरला सुमारे दीड सेकंद लागतो. सारवलेल्या जमिनीवर पाण्याची परात ठेवून लक्ष द्यावे.

प्रश्नकर्ता
काल परात ठेवली. धुरळा उठताच पाण्यावर जेमतेम तरंग आला. काच मात्र दीड सेकंदानंतर खणखणली. मुलगा आता सोंडेच्या उंचीचा नकाशा मिळवतो आहे.