शस्त्रनिर्यातीचे परवाने परराष्ट्र खात्याकडे परत गेले, तर सीमेवरची तस्करी थांबेल?

प्रश्न:
अमेरिकेत पिस्तुलं-रायफलींच्या निर्यातीचे परवाने वाणिज्य खात्याकडून काढून पुन्हा परराष्ट्र खात्याकडे द्यावेत, अशी विधेयकं मांडली जातात. समर्थक हमखास मेक्सिको सीमेचा दाखला देतात. पण खातं बदलून सीमेवर नेमकं काय बदलणार?

उत्तर १:
थेट फारसं काही नाही. परवाना लागतो तो कायदेशीर मालाला: कंपनी परदेशातल्या पोलिसांना, लष्कराला किंवा व्यापाऱ्याला विकते तेव्हा. ९ मार्च २०२० पर्यंत हे परराष्ट्र खातं बघायचं. त्या दिवसापासून .५० कॅलिबरपर्यंतची (म्हणजे नळीचा व्यास अर्ध्या इंचापर्यंत) बिगरस्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित (दर वेळी घोडा ओढला की एकच गोळी सुटणारी) शस्त्रं वाणिज्य खात्याकडे गेली. स्वयंचलित शस्त्रं होती तिथेच राहिली.

खरा फरक पडला तो काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, आगाऊ कळवण्यात. १९७६ च्या कायद्यानुसार परराष्ट्र खात्याच्या युद्धसामग्रीच्या यादीतल्या बंदुकांचा व्यवहार १० लाख डॉलरचा किंवा त्याहून मोठा असला की काँग्रेसला कळवावंच लागतं. बंदुका यादीतून उठल्या आणि त्यांच्यापुरतं हे बंधनही उठलं. वाणिज्य खात्याने पुढे अर्धस्वयंचलित शस्त्रांसाठी ४० लाखांची मर्यादा आणली, पण ती नियमात. नियम खातं स्वतः बदलू शकतं, कायदा नाही. माझ्या मते विधेयकाचं वजन इथे आहे, सीमेवर नाही.

उत्तर २:
सहमत. तस्करीचा माल परवान्याच्या वाटेला जातच नाही. तो अमेरिकेतल्या दुकानात किरकोळीने, दुसऱ्याच्याच नावावर घेतला जातो आणि गाडीतून दक्षिणेला जातो. २०२२ च्या कायद्याने अशी खरेदी हा स्वतंत्र संघीय गुन्हा ठरवला: १५ वर्षांपर्यंत कैद, अमली पदार्थांच्या तस्करीसाठी असेल तर २५. त्याआधी बहुतेक वेळा खरेदीच्या फॉर्मवर खोटी माहिती दिल्याचं कलम लावून भागवावं लागे.

फट कुठे आहे बघा. एकाच ग्राहकाने पाच कामकाजी दिवसांत दोन किंवा जास्त पिस्तुलं घेतली, तर दुकानदाराला एटीएफला (बंदुकांच्या कायद्यांवर देखरेख ठेवणारी संघीय संस्था) कळवावं लागतं. रायफलींसाठी तशी सक्ती फक्त टेक्सास, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात, तीही .२२ कॅलिबरपेक्षा मोठ्या, सुटं मॅगझिन (गोळ्यांची काढता-घालता येणारी पेटी) बसणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलींपुरती. दोन दुकानांतून एकेक घेतली की कुणीच कळवायचं नाही.

प्रश्नकर्ता:
पण सापडलेल्या बंदुकीवरून माग निघतो ना?

उत्तर २:
निघतो, पहिल्या ग्राहकापर्यंत. सिरीयल नंबरवरून उत्पादक, मग घाऊक विक्रेता, मग दुकान आणि ग्राहकाने खरेदीच्या वेळी भरलेला, दुकानातला ४४७३ क्रमांकाचा फॉर्म. पुढे ती खासगीत विकली गेली असेल, तर बऱ्याच राज्यांत कागदच नसतो, आणि बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही करायला १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. शिवाय नंबर असतो तो फ्रेम किंवा रिसीव्हरवर, म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावर. बॅरल (नळी), बोल्ट असे भाग सुटे पाठवले तर माग काढायला हाती काहीच नसतं.

उत्तर १:
एक भर: कायदेशीर निर्यात झालेला मालही पुढे गळतो. पोलिसांसाठी म्हणून गेलेली शस्त्रं दुसऱ्याच हाती पडतात. परवाना कोण देतो याला तिथे अर्थ आहे. त्यामुळे मसुदा हाती आला की खात्याचं नाव नंतर बघा; आधी माल पोचल्यावर तपासणीची सक्ती आहे का, आणि त्यासाठी माणसं-पैसा दिलाय का, ते कलम शोधा.